पान एकतीसपासून

प्तुय गावात, द्रावा नदीच्या अलीकडे,
चांभाराच्या जुन्या गाळ्यात मी पुस्तकं विकते.
कादंबऱ्या थोड्या. बाकी सगळी हाताला वळण लावणारी:
चीज मुरवणं, दगडी बांध रचणं,
अकॉर्डियनचे भाते शिवणं,
तीस दिवसांत बुद्धिबळ.
कोणाचे तीस, ते लिहिलेलं नाही.

मे महिन्यात येर्नेय आला. पोस्टातून निवृत्त.
मेहुणा वारला, आणि याच्या नावे
मधमाश्यांच्या सात पेट्या ठेवून गेला.
"लिंडन फुलायला तीन आठवडे आहेत," म्हणाला,
"आणि मला घरातली माशी हाकलता येते, एवढंच."

मी तीन पुस्तकं काढून ठेवली.

पहिलं गुळगुळीत, जड, चौतीस युरो.
फोटोत एक देखणा माणूस पोळ्याची चौकट उचलून हसतोय.
येर्नेयने चष्मा कपाळावर चढवला, पान नाकाशी नेलं.
"हातमोजे बघा. दुधासारखे.
हा उंटावरून शेळ्या हाकतोय."
मिटलं.

दुसऱ्याची त्याने शेवटची पानं आधी उघडली.
शब्दसूचीवरून बोट खाली सरकत गेलं,
पाकिटांचे गठ्ठे लावताना सरकत असेल तसं.
"डंख, नाही. चूक, नाही. उडून गेलेलं मोहोळ, नाही.
जिथे कोणी राहतच नाही
अशा घरी पत्रं टाकली आहेत मी."

माझी परीक्षा वेगळी.
पुस्तक कण्यावर उभं धरायचं, सोडायचं,
आपोआप कुठे उघडतं ते बघायचं.
स्वयंपाकाचं असेल तर तेलाचे डाग कुठवर जातात.
विणकामाच्या कितीतरी पुस्तकांत
पहिली बाही होते, दुसरी होत नाही.
हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. धंदा आहे.

तिसरं करड्या कापडाचं, कण्याला चिकटपट्टी.
लेखक कोणी प्राध्यापक, भाषा इस्त्रीची,
सल्ले निम्मे शिळे.
सात युरो लिहिलेले, ते खोडून मी तीन केले होते,
कारण समासभर कोणीतरी पेन्सिलीने
गिचमिड करून ठेवलेली.

हातात घेताच ते एकशे बारावर उघडलं.
छापील: 'राणी न सापडल्यास शांत चित्ताने पुन्हा शोध घ्यावा.'
बाजूला: 'शांत चित्ताने म्हणे! तीन तास. रडले.
झाकणाच्या आतच बसली होती, मेली.
आधी झाकण बघ.'

येर्नेय हसला. बऱ्याच दिवसांनी असावा,
तोंडाला सवय राहिली नव्हती.
पुढे: 'साठ नाही, चाळीस.' पुढे: 'हे खोटं.'
'हे खरं, पण ढग असतील तर नको.'
एका पानावर काहीच नाही, नुसती मेणाची बोटं.
त्याने तीन युरो मोजून दिले.

सप्टेंबरात परत आला, डावा डोळा सुजून बंद.
दोन पेट्या गेल्या, पाच राहिल्या.
मधाबिधाची बरणी आणली नव्हती.
"ह्या बाईंचं दुसरं पुस्तक आहे का?"
"प्राध्यापकांचं?"
"छे. बाईंचं."

नाही म्हणाले. काय म्हणणार?
तो गल्ल्यापाशी उभा राहून पहिली पानं चाळत राहिला.
"एक कळत नाही मला. एकतीसच्या आधी
एक अक्षर नाही. सुरुवातीला
तिला काहीच बोलायचं नव्हतं?"

एप्रिलमधली दुपार आठवली:
जरा बरी किंमत यावी म्हणून
खोडरबर घेऊन बसले होते.
तिसावं पान संपलं आणि फोन वाजला,
मग कंटाळा आला.

मी पुस्तक त्याच्या हातून घेतलं,
टेबलदिव्याखाली तिरकं धरलं.
ती पेन्सिल दाबून लिहायची. कागदात खळगे होते.
"इकडे या," म्हटलं,
"उजव्या डोळ्याने बघा."