टिकल्या

शाळेच्या जेवणघरात सहा टेबलं जोडून
त्यांवर अंथरलाय महामार्ग.
सव्वीस मैल, सतरा फूट कागदावर.
कोपऱ्यांवर सॉसच्या बाटल्या, गुंडाळून येऊ नये म्हणून.
बाहेर कॅलिफोर्नियाचं धुकं स्ट्रॉबेरीच्या शेतांवर उतरतंय.
माझं काम तासाच्या हिशेबानं :
स्पॅनिश बोलणं इंग्रजीत, इंग्रजी स्पॅनिशमध्ये पोचवायचं,
मध्ये स्वतःचं काही सांडायचं नाही.

ग्रेडी लिंडक्विस्ट, नियोजन खात्याचा,
बाह्या दुमडून सांगतो :
हिरवी टिकली बसला, निळी सायकलला,
पिवळी पायी चालणाऱ्यांना,
लाल, जिथे तुंबतं तिथे.
त्याची मदतनीस अक्षता वाटाव्यात तशी
प्रत्येकाच्या तळहातावर चार चार ठेवत जाते.

लाल आधी संपतात.
पुलाच्या अलीकडे तर गोवर उठल्यासारखा रस्ता.
ट्रकवाला एकजण म्हणतो, अजून एक लेन टाका.
मागे टाकली होती, ग्रेडी म्हणतो,
दीड वर्षात भरली.
सायकलवाली विचारते,
कडेच्या पट्ट्यातल्या काचा झाडणार कोण?
यावर सगळेच कागदाकडे बघतात.

मालगाडीच्या जुन्या रुळांवर दोन डब्यांची गाडी,
झालीच तर अठरा वर्षांनी.
तोवर मला कुठे जायचंय, म्हणतात ऑर्विल आजोबा
आणि आपली हिरवी टिकली
नखानं दाबून दाबून तिथेच बसवतात.

एउलालिया बारिओस उशिरा आली.
मोटेलच्या खोल्या आवरून, त्याच गणवेशात,
हाताला ब्लीचचा वास.
बोटाच्या टोकावर एकच पिवळी टिकली घेऊन
ती टेबलाटेबलानं चालत गेली
थेट शेवटपर्यंत,
कागद संपला तिथे थांबली,
आणि पुढे वाकून
टेबलाच्या उघड्या पृष्ठभागावर टिकली लावली.

बस इथे सोडते, ती म्हणाली. घर तिथे.
मी पोचवलं.
ग्रेडीनं टेप काढून मोजलं : सतरा इंच.
म्हणजे दोन मैलांहून थोडं जास्त.
मैल मला माहीत नाहीत, ती म्हणाली,
पंचेचाळीस मिनिटं. रात्री जास्त,
कारण पलीकडे जायला
दिव्यांमध्ये फट मिळेपर्यंत उभं राहावं लागतं.
मग तिनं फलकावरच्या मथळ्याकडे बोट केलं.
आमच्यात कोर्रेदोर म्हणजे पडवी.
आणि पळणाऱ्यालाही कोर्रेदोरच म्हणतात.
तुम्ही यातलं काय बांधताय?

मी तेही पोचवलं, जसंच्या तसं.
ग्रेडीनं वहीत लिहिलं. मला ते उलटं दिसत होतं :
'अभ्यासक्षेत्राबाहेर.'
पेन तसंच टेकलेलं राहिलं.
मग त्यानं ट्रेवरचा कागद ओढला,
चिकटपट्टीनं नकाशाला जोडला,
आणि रेघ पुढे नेली, जरा वाकडी.
याला निधी नाही, तो म्हणाला.
हेही मी पोचवलं.

साडेनऊला टेबलं घडी करायची होती.
कागद गुंडाळला गेला, टिकली टेबलालाच राहिली.
उद्या तिच्यावर कुणी पोर दुधाचा डबा ठेवेल.

नियमात बसत नाही, तरी मी तिला गाडीत घेतलं.
नकाशा संपतो तिथून तिच्या दारापर्यंत
चार मिनिटं लागली.
दोघींपैकी कुणी बोललं नाही.
कुठे काही पोचवायचं नव्हतं,
तिच्याशिवाय.