गुरुवारची बस

वेर्लीन टब्ज शाळेची जुनी बस चालवते.
बाकं काढून टाकलीत, स्क्रूंची भोकं तेवढी राहिलीत;
त्यांतून एखादा चवळीचा दाणा
चालत्या रस्त्यावर सांडतो.

हॉलिस बेंड. मिसिसिपीकाठचा सपाट मुलूख.
चारी अंगांनी शेतच शेत,
सोयाबीन, कापूस, पुन्हा सोयाबीन,
नजर थकेल इतकं,
आणि त्यातलं एक पान चुलीवर चढण्याजोगं नाही.
दुकान बंद पडलं त्याला अकरा वर्षं झाली.
पेट्रोल पंपावर चिप्स, सोडा, बरणीत बुडालेली अंडी,
गल्ल्यापाशी एक लिंबू, ते बहुधा शोभेचं.
सगळ्यात जवळचा टोमॅटो सत्तावीस मैलांवर.
ओथा गाडीने नेतो, पंधरा डॉलर घेतो.
टोमॅटोपेक्षा टोमॅटोची वाट महाग.

म्हणून गुरुवारी, चार वाजता, चर्चच्या आवारात
रताळी, कोलार्डच्या जुड्या,
भेंडी, सकाळीच खुडलेली, देठाला अजून चीक.
सरकारी कार्डाचं मशीन इथे मुकं होतं,
रेंज फक्त नदीच्या बंधाऱ्यावर.
गिऱ्हाइकाने आकडे दाबले की
वेर्लीनचा जेरल मशीन घेऊन बंधारा चढतो,
हात उंच धरतो, वाट बघतो, धावत उतरतो.
प्रत्येक पिशवीमागे एक चढ, एक उतार.
कधी कार्ड रिकामं निघतं.
तेव्हाही तो धापा टाकत म्हणतो, "झालं."
फक्त थोडं हळू म्हणतो.
आई वर न बघता पिशवी भरते.

लुवीनिया गेल्या महिन्यात आली ती रिकाम्या हातांनी.
एक भेंडी कानाशी धरून मोडली.
"कालची आहे," म्हणाली, आणि गेली.

आज तिच्या काखेत पुठ्ठ्याचा खोका.
परसात टाकून दिलेला बाथटब, त्यात माती,
त्यातली ही भेंडी, कोवळी, लाल शिरांची.
"काय देशील?"

वेर्लीनने तोलली. साडेचार पौंड.

लुवीनिया काट्याकडे बघत राहिली.
पोरवयात तिच्या पाठीवरची कापसाची झोळी
असल्याच काट्याला टांगायचे,
आणि आकडा सांगायचा तो दुसराच कुणीतरी.

"पुन्हा तोल."

वेर्लीनने पुन्हा तोलली,
या वेळी काटा तिच्याकडे वळवून.

साडेचारच.