एक दिवसाआड नर्मदा

सनावदच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, इसका भी लगेगा.
मी लाकडाचं अर्धं तिकीट काढलं
आणि भेरूघाट चढेपर्यंत ते मांडीवर घेऊन बसलो,
ओल्या गोणपाटात, दुसऱ्याच्या मुलासारखं,
एक कोपर सारखं बरगडीत.

मोरटक्क्याच्या पुलाखाली सापडलं होतं,
उलट्या घातलेल्या नावांच्या ओळीत सगळ्यात शेवटी,
वाळूत अर्धं पुरलेलं.

वैजूनं दारातच विचारलं, घाटावरचं आहे?
तिचा घाट म्हणजे कुठला, ते मला कळलं.
टोक हुंगलं. जळकं नव्हतं.
आण मग, म्हणाली, पण स्वयंपाकघरातून नको.

गच्चीवर स्क्रू-ड्रायव्हरनं टोचत बसलो.
मऊ लागेल तिथं खरवडायचं,
टणक लागेल तिथं थांबायचं.
कुजलेलं इतकं सहज निघतं
की हात थांबत नाही,
चांगलंही थोडं जातं.
सालीखाली वाळू, वाळूत एक शिंपल्याएवढी गोगलगाय,
घर तसंच ठेवून गेलेली.

साबण लावू नका काकाजी,
माशांच्या दुकानातल्या पोरानं बजावलं होतं,
लाकूड पिऊन ठेवतं, मग महिन्यानं ओकतं.
म्हणून खडेमीठ, आणि जुने टूथब्रश :
माझा, वैजूचा,
आणि एक निळा, मुलगा पुण्याला जाताना राहिलेला.

दिवाळीच्या कढईत अर्धंच मावलं.
एक बाजू दोन तास, मग उलटं करून दुसरी.
खासगीवाले खालून ओरडले, झाड शिजवताय का हो?
पाणी कोऱ्या चहासारखं.
ओतलं. पुन्हा चहा.
पुन्हा ओतलं.

मग टबात घातलं तर बुडेना.
इतकी वर्षं पाण्यात काढून
अजून पाण्याच्या वरच राहायचं होतं त्याला.
छातीवर पाटा ठेवला.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड.
पहाटे जिन्यात कुणीतरी हाक देतं, नर्मदा आली!
आमच्या गल्लीत नुसतं पाणी कुणी म्हणत नाही.
मी टबातलं तपकिरी गुलबक्षीला घालायचो,
पाइप लावायचो,
आणि चौथ्या की पाचव्या खेपेला हात थांबला.
अरे, ही तर तीच.
ह्या लाकडाला वाळूत टाकून पुढे गेलेली,
खाली जलूदला उचललेली,
पंपांनी डोंगर चढवून आणलेली.
ते बसनं आलं, ती नळानं,
आणि गाठ पडली लोकमान्य नगरात,
दुसऱ्या मजल्यावर, निळ्या प्लास्टिकच्या टबात.

एकविसाव्या दिवशी रंग उतरला.
बाबूलाल मिस्त्री दाराची बिजागरी बसवायला आला होता,
ओणवा होऊन म्हणाला, चौखट का है ये.
कुठं?
त्यानं त्या भोकात बोट घातलं
जे मी किडीनं पाडलंय समजून रोज घासत होतो.
आत चार कोपरे. पटाशीचे.
बाहेरचं सगळं नदीनं गोल केलं होतं,
तेवढ्या आत तिचा हात पोचला नव्हता.
डूब में गया होगा कोई गाँव,
म्हणाला, आणि स्क्रू मागितले.

वैजू काही बोलली नाही.
संध्याकाळी लाकडावर हळदीचं एक बोट दिसलं.
माशांना हळद चालते की नाही, कुणाला विचारणार?
धुतलं मी ते.
ब्रशनं नाही.

आता टाकीत आहे, कडप्प्याच्या तुकड्याला जखडून.
आठवडाभर पांढरा कापूस धरला होता अंगावर,
जाईल म्हणाला पोर, गेला.
सकर मासा रात्रभर चाटत असतो,
सकाळी तळाशी चिमूटभर भुसा.
एंजल लांबून वळसा घालतात.

ती खाच बहुतेक वेळ रिकामीच असते.
एंजल मागे लागला
की गप्पीची दोन पिलं तेवढी
आत जाऊन उभी राहतात,
तोंडं बाहेरच्या बाजूला करून.