पक्का रंग

डबा उघडला तेव्हा नायना काही बोलला नाही.
नुसतं बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं
आणि कारखान्यात धरायचा
तसं उजेडाकडे धरलं.

एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या डाय-हाऊसात
त्यानं टॉवेलांना रंग दिला.
निळ्या आठवड्यात निळा घरी यायचा,
मरून आठवड्यात कानाच्या पाळीपर्यंत मरून.
रविवारी तेवढा माणसाच्या रंगाचा.

डब्यावर गाय आहे, पानं आहेत,
मागे एक हिरवा डोंगर, सोलापुरात नसलेला.
गुडघ्यांसाठी हळद-कॅल्शियम, अठराशे पन्नास रुपये.
शेजारच्या रेणुका वल्लालनं हप्त्यानं दिला.
तीही पिते. लेकीलाही पाजते.
हे आधीच सांगते,
नाहीतर गोष्ट फार सोपी होईल.

आईनं चाळीस वर्षं मांडी घालून विड्या वळल्या,
आता ती मांडी उलगडत नाही.
चार महिने रोज रात्री दुधात एक चमचा.
गुण येतोय की, म्हणायची.
येतही असेल.
पाटावरून उठताना भिंत धरत नव्हती.

नायना म्हणाला, सूत आण.
पांढऱ्या सुताच्या दोन लड्या.
एक त्या पावडरीच्या पाण्यात,
दुसरी मार्केट यार्डातल्या हळकुंडांच्या, आईनं घरी कुटलेल्या.
रात्रभर बुडवल्या, सकाळी गच्चीवर टांगल्या.
"आता उन्हाला विचार."

मी प्रयोगशाळेत काम करते.
आमच्याकडे शिशाचा कण न् कण मोजणारं यंत्र आहे,
त्याच्या खोलीत एसी बंद करायची परवानगी नाही.
मी हसले नाही,
पण हसू आलं होतं.

एप्रिल. सोलापूरचं ऊन,
पत्र्यावर ठेवलेली पापडी तासाभरात वाजायला लागते.
तिसऱ्या दिवशी हळकुंडाची लडी
सायीच्या रंगाची, मग तीही नाही.
दुसरी तशीच,
जणू आत्ता भट्टीतून काढून पिळली.
नायनानं ती थुंकी लावून घासली, साबणानं घासली,
आणि त्याच्या चेहऱ्यावर, खरं सांगते,
आधी कौतुक आलं.
"पक्काय," म्हणाला.
मग हळूहळू हात खाली आला.

सोमवारी चमचाभर पावडर मी डब्यातून नेली.
शिसं निघालं, मर्यादेच्या एकोणीस पट.
आणि पडद्यावर एक उंच सुळका,
ज्याचं नाव मी नायनाच्या पिंपांवर वाचत
अक्षरं शिकले होते.

सरांनी विचारलं, नमुना कुणाचा? पावती?
पावती नाही. रेणुका वहीत लिहून ठेवते.
सरांनी कपाटातून फाईल काढली,
तीच कंपनी, तोच डोंगर,
जानेवारीतला अहवाल, स्वच्छ.
खाली बारीक अक्षरांत:
निकाल फक्त सादर केलेल्या नमुन्यापुरता.
त्याखाली सही.
सही माझी.

कंपनीनं पाठवलेली पुडी चांगली होती.
तपासायला येणारी पुडी
चांगलीच असते.

घरी सांगितलं.
आई विडीच्या सुपाकडे बघत राहिली, मग म्हणाली,
"म्हणजे चार महिने मी टॉवेल प्याले?"
नायना हसला. मलाही आवरलं नाही.
ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर गेली,
प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
साडेनऊलाच ऊन पेटलेलं.
दोन लड्यांच्या मधे तळहात पसरून उभी राहिली,
रंग उडतोय का बघत.

मी तिच्या मागे, हातात तो डबा.
अजून रेणुकाच्या दारात गेले नव्हते,
काय बोलायचं ते तोंडात जुळत नव्हतं.
तेवढ्यात खालून तिचा आवाज:
"अखिला, दूध गार व्हायलंय बघ."