स्वभावचाचणी, कासेल

छत्री फाडकन उघडली.
मघाची बॉर्डर कॉली दचकली, सावरली,
लगेच हाइडरुनच्या डोळ्यांत बघू लागली:
पुढे काय? पुढे काय?
तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.

हा कांगाल छत्रीकडे एकदा बघतो
आणि जांभई देतो.
'ये' म्हटलं, येत नाही.
'बस' म्हटलं तर उठतो,
दाराशी जाऊन, तिच्याकडे पाठ करून
आडवा होतो. साठ किलो.
ती तक्त्यात लिहिते: आज्ञापालन शून्य. माणसाची ओढ नाही.

फरशी पुसता पुसता दुर्मुश थांबतो.
त्याचा आजा सिवासच्या माळावर मेंढरं राखायचा.
"हा कळपाकडे बघत नसतो, बाई.
कळपाला पाठीशी घालतो.
बघतो ते लांडगा येईल तिकडं."
आणि बादली उचलून निघून जातो.

कळप? इथे?
एक टेबल, मान मोडलेली बाहुली,
वाडग्यात घालायचा प्लॅस्टिकचा हात,
आणि ती.

बाहेर ट्रॉली खडखडते.
कांगालचा एक कान वळतो, तेवढंच.

शून्य शाईचं आहे, खोडता येत नाही.
हाइडरुन खुर्ची उचलते
आणि त्याच्या पाठीमागे,
जरा जवळ,
बसते.