बोडीवरचे बगळे

मंडईच्या तंबूत तो सिनेमा
दर दिवाळीनंतर लागायचा, सात वर्षं तोच.
ऑपरेटर यादोरावांच्या हाताखाली मी रिळं गुंडाळायचो,
चौदा वर्षांचा,
नाकात कायम जळक्या कार्बनचा वास.

पांढऱ्या लुगड्यातली बाई जिना उतरायला लागली की
बाया पोरांचे डोळे झाकत,
कुणी म्हातारा मोठ्यानं मारुतीचं नाव घेई,
शेंगावाल्याचं मापटं हवेतच थांबे.
मी तिच्या मागची भिंत पाहायचो.

दिवाणखान्यातलं ते खाटेएवढं चित्र.
विलायती तळं काढ, असं सांगितलेलं असणार त्याला;
कोपऱ्यात बर्फाचा डोंगर होता, नावापुरता.
पण पाळीवर मोह होता,
आणि मोहाची डावी फांदी विजेनं तोडलेली.
तिच्या सावलीत मी बैल धुतले होते.
आमची बोडी. चिचटोल्याची.

पाण्यावर बगळे.
पहिला खून होतो तेव्हा नऊ,
झुंबर कोसळतं तेव्हा चार,
मग एकदम अकरा, मग सहा.
फाटक्या तिकिटांच्या पाठीवर मी आकडे लिहून ठेवले,
मेलेल्या पात्रांशी ताळा घालून पाहिला.
जमेना.
यादोराव म्हणत,
"भूत समोर आहे ना बाबू,
तू भितीकडे काहून पायतेस?"

आणि काही दृश्यांत, काहींतच,
पाळीवर दोन बारक्या चपला.
पडद्यावर सगळंच राखाडी,
पण मला त्या निळ्या वाटायच्या.

तंबू गेला. यादोराव गेले.
वातूजी निकुरे मला वडशाला सापडले,
नाटकाचा पडदा रंगवताना.
राजवाडा वाळत होता, जंगल बाकी होतं.

"बगरे?" ते हसले. दात तीनच.
"पडदा रंगवून झाला तरी थांबवून ठेवलन मले.
रोज सांजच्याले मालक म्हने, पैसे उद्या.
मी एक बगरा पुसून टाको.
हिसाब होता थो माजा. वही कुठची तिथं?"
कुणाच्या लक्षात नाही आलं?
"सारे थ्या बाईले पायत होते."
मग आकडे असे उलटेसुलटे का?
"सिनेमा तसाच काढतेत बाबू,
शेवट आधी, सुरवात मंग."

मीही हसलो. चहा आला.
मी विचारलं, आणि चपला?

त्यांनी ब्रश घासलेटच्या डब्यात बुडवला.
ढवळत राहिले.
ब्रश केव्हाच निघाला होता, तरी ढवळत राहिले.
आत कुणी सूप पाखडत होतं,
ते थांबलं.

परतीच्या लाल गाडीत मी तिकिटं मांडीवर पसरली.
इतकी वर्षं सिनेमाच्या क्रमानं लावत होतो,
आता बगळ्यांच्या क्रमानं लावली.
अकरा होते तेव्हा चपला नाहीत.
नऊ, सहा, पाच, नाहीत.
चार होते तेव्हा आहेत.

म्हणजे सातव्या संध्याकाळी गावाहून पत्र आलं असेल.
कुणी वाचून दाखवलं असेल,
मेकअपवाल्यानं, नाहीतर त्या लुगड्यातल्या बाईनंच.
तिकिटाला पैसे लागतात रेल्वेच्या.
मालक म्हणाला असेल, उद्या.

तीन होते तेव्हा चपला आहेत.
दोन होते तेव्हा आहेत.
सगळ्यांत भीतीचं ते दृश्य,
ती वळून थेट आपल्याकडे बघते,
अख्खा तंबू किंचाळतो,
त्यात तिच्या खांद्यामागे एक बगळा,
एका पायावर,
आणि चपला.