गोबऱ्याचं पित्त

माझा भाऊ मुकुंद खवणेकर,
वेंगुर्ल्यात मुको, न्यूकासलमध्ये प्रोफेसर कॅव्नेकर,
एकेचाळीस वर्षं माणसांची यकृतं कापत होता.
असं म्हटलं की हसतो.
म्हणतो, कापणं सोपं गे,
काय कापायचं नाही ते कळायला वीस वर्षं जातात.

आईनं ते त्याला एका सकाळीच शिकवलं होतं.
मांडवीच्या काठी, विळीपाशी,
सहा-सात वर्षांचा असेल,
पुढ्यात गोबरा, त्याच्या मांडीएवढा.
बोट आत घाल, हळू.
ता हिरवा दिसता मां? ता पित.
फोडू नको, झिला.
फोडलंस तर आख्खो मासो कडू,
आणि गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या पाटीकडे.

मी तेव्हा तान्ही, पाटीच्या सावलीत निजलेली,
म्हणजे हे ऐकीव.
आई सांगायची तेव्हा मासा शेंगाळा असायचा.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे.
मिरजेचं कॉलेज, शिष्यवृत्ती,
विमानाच्या तिकिटासाठी विकलेला रापणीतला वाटा.
तिकडे पाच वर्षं रात्रपाळी,
तिथल्या पोरांना नको असलेल्या जागा.
खाटेवरची एक बाई म्हणाली होती,
दुसरा डॉक्टर नाही का?
हे पत्रात कधी आलं नाही.
कितीतरी वर्षांनी सोलकढी पिता पिता सांगितलं
आणि वाटी पुन्हा पुढे केली.
मग दोनशे बारा लेख, विद्यापीठातली खुर्ची,
त्याच्या नावाचा एक चिमटा,
आणि ते पुस्तक. तिसरी आवृत्ती,
दोन किलो तीनशे ग्रॅम.
मी माशाच्या तराजूवर तोललंय.

शहाऐंशीच्या शिमग्यानंतर आईचे डोळे पिवळे झाले.
आजगावहून झाडपाला आणला,
मग खाज, मग लघवी कोऱ्या चहासारखी,
सगळं मी निळ्या कागदावर लिहिलं, काही न गाळता.
त्याचं उत्तर अठराव्या दिवशी आलं.
निदान अचूक होतं.
समासात चित्र काढलेलं,
नळी कुठे बंद झाली असेल त्याचं,
बाण, आकडे,
जसं वर्गात फळ्यावर काढत असेल.
पोस्टमन दारात उभा होता
आणि आम्ही दहावा उरकून परतत होतो.

पान चारशे सहा.
माझं इंग्रजी बेताचं, मुलीनं वाचून दाखवलं:
या टप्प्यावर पित्ताशय उघडले जाऊ नये.
त्या पुस्तकात वाक्यावाक्याला आकडा टांगलेला,
आकड्याखाली कुणाचं तरी नाव,
कुणी जर्मन, कुणी जपानी.
या वाक्याला आकडा नाही.
विचारलं त्याला.
म्हणाला, छापील पुरावा लागतो.
मग खूप वेळानं,
पोरांना तोंडी सांगायचो, माशाचं उदाहरण देऊन. हसायची.
आईचं म्हणून सांगायचास?
नाही गे. माशाचं म्हणून.

आता उजवा हात थरथरतो.
कुणी सुचवायच्या आत
त्यानंच गेल्या वर्षी हातमोजे उतरवले.

काल बंदरावर गोबरा मिळाला.
मी विळी घेतली तर म्हणाला, दे हकडे.
पाटावर बसला, गुडघे वाजले,
बोट आत घातलं, हळू,
अगदी हळू,
आणि फुटलं.
हिरवं मनगटापर्यंत ओघळलं.
घड्याळ काढायचं राहिलं होतं.
किती वाजले ते बघावं तसा
तो त्या हिरव्याकडे बघत बसला.
मी आतून मीठ आणलं, चिंच आणली,
मासा चोळला, तीन पाण्यांनी धुतला,
मग त्याचा हात.

रात्री त्याला शेपटीकडची तुकडी वाढली.
ही कडू नाय, म्हटलं.
त्यानं ती माझ्या ताटात ठेवली
आणि माझ्यातली उचलली.